दुष्काळी प्रदेशातील मिशनरी कार्य : मनमाड ते अनंतपूर

भारताच्या पर्जन्यछायेतील प्रदेशांत ख्रिस्ती मिशनऱ्यांनी गेल्या दोन शतकांत केलेले कार्य हा इतिहासकार, समाजशास्त्रज्ञ आणि राज्यकर्ते यांच्यात सातत्याने चर्चिला गेलेला विषय आहे. दुष्काळात अन्नपाणी पुरविणारा मिशनरी सेवेसाठी येतो की धर्मप्रसारासाठी, हा या चर्चेतील मुख्य प्रश्न होय. स्पेनमधून आलेले येशूसंघीय (जेझुइट) धर्मगुरू फादर व्हिन्सेंट फेरर यांचे जीवन या प्रश्नाचे एक ठळक उदाहरण मानले जाते. नाशिक जिल्ह्यातील मनमाड येथून त्यांच्या कार्याला प्रारंभ झाला, १९६८ मध्ये त्यांना देश सोडावा लागला आणि त्यानंतर आंध्र प्रदेशातील अनंतपूर या अतिशय कोरड्या जिल्ह्यात त्यांनी चार दशके काम केले. या प्रवासात त्यांनी धर्मसंघ सोडला. परंतु गरिबांची सेवा सोडली नाही.

अनंतपूरचा भूप्रदेश

आंध्र प्रदेशाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, कर्नाटकाच्या सीमेलगत अनंतपूर जिल्हा आहे. कडप्पा, कर्नूल व चित्तूर यांच्यासह हा भाग रायलसीमा या नावाने ओळखला जातो. एप्रिल २०२२ मध्ये जिल्ह्याचे विभाजन होऊन श्री सत्यसाई हा स्वतंत्र जिल्हा निर्माण करण्यात आला. येथे वर्षाला सरासरी सुमारे ५५० मिलिमीटर पाऊस पडतो. राजस्थानातील जैसलमेरनंतर देशात सर्वांत कमी पाऊस अनंतपूरला पडतो, असा उल्लेख वारंवार केला जातो.

या अवर्षणाचे कारण भौगोलिक आहे. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांतील बाष्प पश्चिम घाटावरच मोठ्या प्रमाणात रिते होते, तर बंगालच्या उपसागरावरून येणारा परतीचा पाऊस किनाऱ्यापासून इतक्या आत पोहोचेपर्यंत क्षीण होतो. दोन्ही पावसांच्या शेवटच्या टोकाला असलेल्या या जिल्ह्यात पेन्ना, चित्रावती व वेदवती (हगरी) या नद्या वर्षातील बहुतेक काळ कोरड्या असतात. वेदवतीच्या काठी कणेकल परिसरात वाळूच्या टेकड्या शेतांवर सरकत असल्याचे आढळते. विजयनगर काळातील धर्मावरम व बुक्कपट्टणम येथील मोठे तलाव या भूमीतील पाण्याच्या जुन्या चिंतेची साक्ष देतात. अलीकडच्या काळात कोरडवाहू भुईमूग हे येथील प्रमुख पीक राहिले. एकाच पिकावर अवलंबून असलेल्या शेतकऱ्याचे पावसाने दडी मारली की संपूर्ण वर्ष वाया जाते.

गावांच्या कडेला राहणाऱ्या माला व मादिगा या दलित जाती, सुगाली (लंबाडी) व येरुकला या जमाती, तसेच बोया व कुरुबा यांसारखे मागास समाज या अवर्षणाचा पहिला फटका सोसतात. यांतील अनेकांकडे जमीन नसते; असली तर ती माळरानावरची, विहिरीविना असते.

दुष्काळ आणि धर्म : पूर्वपीठिका

ख्रिस्ती मिशन या प्रदेशाला नवे नव्हते. लंडन मिशनरी सोसायटीने १८१० मध्ये बळ्ळारी येथे आणि १८२२ मध्ये कडप्पा येथे केंद्र सुरू केले. त्या काळी अनंतपूरचा भाग बळ्ळारी जिल्ह्यातच समाविष्ट होता. १८८२ मध्ये तो स्वतंत्र जिल्हा झाला. या केंद्रांतून शाळा निघाल्या. गावाच्या शाळेत व विहिरीवर मज्जाव असलेल्या जातींना त्यांतून अक्षरओळख मिळाली.

१८७६ ते १८७८ या काळातील महादुष्काळाने मद्रास इलाख्यात लाखो लोकांचे प्राण घेतले आणि मिशनरी कार्यासमोर अवघड प्रश्न उभा केला. उपासमारीत मदत करणाऱ्याचा धर्म स्वीकारणारा माणूस श्रद्धेने येतो की भुकेने? रायलसीमेच्या पूर्वेकडील ओंगोल परिसरात हा प्रश्न तीव्रतेने पुढे आला. तेथे १८६६ पासून कार्यरत असलेले अमेरिकन बॅप्टिस्ट मिशनरी जॉन क्लफ यांनी दुष्काळात बकिंगहॅम कालव्याच्या खोदकामाचे कंत्राट घेतले आणि हजारो मजुरांना, विशेषतः मादिगा समाजातील लोकांना, रोजगार मिळवून दिला. काम व अन्न मिळते म्हणून कोणी धर्म बदलू नये, या विचाराने त्यांनी त्या काळात बाप्तिस्मा देणे थांबविले. मदतकार्य संपत आल्यानंतर, ३ जुलै १८७८ या एकाच दिवशी, २,२२२ जणांना बाप्तिस्मा देण्यात आला.

या घटनेचे दोन अर्थ लावले जातात. मदत आणि धर्म यांत अंतर ठेवूनही लोक आले, म्हणजे त्यांना अन्नापेक्षा प्रतिष्ठा हवी होती, असे एक मत आहे. दुष्काळातील उपकाराचे ओझे कालांतराने उतरत नाही, त्यामुळे अशा निर्णयाला पूर्णतः मुक्त म्हणता येत नाही, असे दुसरे मत आहे. स्वातंत्र्यानंतर भारतात मिशनरी कार्याविषयी जो वाद झाला, त्याच्या मुळाशी हीच दोन मते होती.

मनमाडमधील प्रयोग

व्हिन्सेंट फेरर यांचा जन्म ९ एप्रिल १९२० रोजी स्पेनमधील बार्सिलोना येथे झाला. स्पेनच्या यादवी युद्धात तरुण वयात त्यांना प्रजासत्ताक सैन्यात भरती व्हावे लागले. एब्रो नदीकाठची लढाई, पराभव, फ्रान्समधील आणि नंतर स्पेनमधील बंदिछावण्या त्यांनी अनुभवल्या. युद्धानंतर कायद्याचा अभ्यास सोडून १९४४ मध्ये ते येशूसंघात दाखल झाले. १९५२ मध्ये ते मुंबईत उतरले. पुणे येथील अध्ययनानंतर त्यांची नियुक्ती मनमाड येथील मिशनमध्ये करण्यात आली.

मनमाड हे मध्य रेल्वेवरील महत्त्वाचे जंक्शन असले, तरी भोवतालचा प्रदेश सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. शहर व परिसर पाणीटंचाईसाठी परिचित आहे. येथील शेतकऱ्यांच्या दारिद्र्याचे कारण पाण्याचा अभाव हे आहे, असे फेरर यांच्या लक्षात आले. दख्खनच्या बेसॉल्ट खडकात पाणी साठते ते वरच्या झिजलेल्या थरात आणि खडकांच्या भेगांत. त्यासाठी विहीर खोल न्यावी लागते, सुरुंग लावावे लागतात आणि खोदकाम चालू असेपर्यंत कुटुंबाच्या पोटाची सोय करावी लागते. लहान शेतकऱ्याला सर्वांत जड जात असे ती ही शेवटची गोष्ट.

फेरर यांची पद्धत साधी होती. विहीर खोदण्यास तयार होणाऱ्या शेतकऱ्याला काम चालू असेपर्यंत गहू व तेल देण्यात येई. विहीर, बियाणे वा पंपासाठी बिनव्याजी रक्कम दिली जाई आणि परत आलेल्या पैशातून पुढच्या शेतकऱ्याला मदत होई. लाभार्थ्याचा धर्म विचारला जात नसे. परिसरातील विहिरींची संख्या वाढत गेली, तसे फेरर यांच्याभोवती शेतकऱ्यांचे मोठे संघटन उभे राहिले. त्यांची लोकप्रियता आता चर्चच्या आवारापुरती उरली नव्हती.

देश सोडण्याचा आदेश

याच काळात देशात मिशनरी कार्याकडे पाहण्याची दृष्टी बदलत होती. मध्य प्रदेश सरकारने नेमलेल्या नियोगी समितीचा अहवाल १९५६ मध्ये प्रसिद्ध झाला. परदेशी पैशाच्या आधारे आदिवासी व मागास भागांत धर्मांतर घडविले जाते, असा निष्कर्ष त्यात काढण्यात आला होता. ख्रिस्ती संघटनांनी त्यावर तीव्र आक्षेप घेतला. १९६७ मध्ये ओरिसा आणि १९६८ मध्ये मध्य प्रदेश या राज्यांनी बळ, फसवणूक वा प्रलोभन यांद्वारे होणाऱ्या धर्मांतरास प्रतिबंध करणारे कायदे केले.

या वातावरणात मनमाडच्या परदेशी धर्मगुरूभोवती जमणारे हजारो शेतकरी हा संशयाचा विषय ठरला. त्यांच्या कार्याचा हेतू धर्मांतर आहे, असा आरोप विरोधकांनी केला. हितसंबंध दुखावलेल्या सावकारांचा व स्थानिक पुढाऱ्यांचा विरोध यामागे आहे, असे समर्थकांचे म्हणणे होते. ‘इलस्ट्रेटेड वीकली ऑफ इंडिया’ या साप्ताहिकात त्यांच्या कार्यावर लेख प्रसिद्ध झाल्यानंतर वादाला देशव्यापी स्वरूप आले. १९६८ मध्ये त्यांना देश सोडण्याचा आदेश देण्यात आला.

आदेशाच्या निषेधार्थ शेतकऱ्यांनी मनमाडहून मुंबईच्या दिशेने मोर्चा काढला. या मोर्चात सुमारे ३० हजार लोक सहभागी झाल्याचे फेरर यांच्या चरित्रविषयक लेखनात नमूद केले जाते. मोर्चेकऱ्यांत बहुसंख्य हिंदू होते, ही बाब त्यांच्या बाजूने वारंवार मांडण्यात आली. अखेर पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी मधला मार्ग काढला. फादर फेरर अल्पकाळासाठी परदेशी जातील आणि त्यांचे भारतात पुन्हा स्वागत होईल, असे त्यांनी कळविले. एप्रिल १९६८ मध्ये फेरर स्पेनला रवाना झाले. १९६९ मध्ये त्यांना परतण्याची अनुमती मिळाली. मात्र त्यांना महाराष्ट्रात परत जाता आले नाही. त्यांना स्वीकारण्यास आंध्र प्रदेश तयार झाला आणि कार्यक्षेत्र म्हणून अनंतपूर निश्चित झाले.

धर्मसंघाचा त्याग

अनंतपूर येथे १९६९ मध्ये रूरल डेव्हलपमेंट ट्रस्ट या संस्थेची स्थापना करण्यात आली. स्थानिक लोक तिला ‘आरडीटी’ या नावाने ओळखतात. मूळच्या इंग्लंडमधील पत्रकार ॲन पेरी या मुंबईत काम करीत असताना फेरर यांच्या संपर्कात आल्या होत्या. त्या संस्थेच्या सहसंस्थापक झाल्या. फेरर यांनी येशूसंघ सोडला आणि १९७० मध्ये दोघांचा विवाह झाला.

हा केवळ वैयक्तिक निर्णय नव्हता. संस्था धर्मसंघाच्या नियंत्रणाबाहेर राहिल्याने तिच्या कामात धर्मप्रसाराला स्थान उरले नाही. क्लफ यांनी दुष्काळापुरते मदत आणि बाप्तिस्मा यांत अंतर ठेवले होते. फेरर यांनी ते कायमचे ठेवले. त्यासाठी वयाच्या पन्नाशीत त्यांना धर्मगुरूपद सोडावे लागले. ते स्वतः मात्र अखेरपर्यंत ईश्वरावरील श्रद्धा आणि मानवी कृतीचे महत्त्व यांविषयी बोलत व लिहीत राहिले.

कामाचे स्वरूप

अनंतपूरमध्ये प्रारंभी त्यांना स्थानिक पातळीवर विरोध झाला. तरीही मनमाडप्रमाणेच काम विहिरींपासून सुरू झाले. लवकरच असे दिसून आले की विहिरीचा लाभ जमीन असलेल्यालाच होतो. भूमिहीन दलित कुटुंबे त्यातून वगळली जातात. त्यामुळे संस्थेने कामाची दिशा बदलली. दलित वस्त्यांत सायंकालीन पूरक शाळा सुरू करण्यात आल्या. स्थानिक युवक-युवतींना शिक्षक व आरोग्यसेविका म्हणून तयार करण्यात आले. कच्च्या झोपड्यांच्या जागी पक्की घरे बांधताना ती घरातील स्त्रीच्या नावे करण्याची पद्धत अवलंबिण्यात आली. नवऱ्याने टाकल्यास वा तो मरण पावल्यास स्त्री बेघर होऊ नये, हा त्यामागील व्यावहारिक विचार होता.

पुढे गावोगावी महिलांचे संघम, अपंग मुलांसाठी निवासी शाळा आणि कल्याणदुर्ग, कणेकल व बत्तलपल्ली येथे रुग्णालये उभी राहिली. बत्तलपल्ली येथील संसर्गजन्य रोगांच्या रुग्णालयात एचआयव्हीबाधितांवर उपचार होतात. कोविड साथीच्या काळात २०२० मध्ये ते कोविड रुग्णालय म्हणून वापरण्यात आले. नल्लमला डोंगरांतील चेंचू या आदिम जमातीपर्यंतही संस्थेचे काम पोहोचले.

या कार्यासाठी लागणारा निधी मुख्यतः स्पेनमधून आला. हजारो सामान्य स्पॅनिश कुटुंबांनी एकेका मुलाच्या नावाने दरमहा ठराविक रक्कम पाठविली. ही रक्कम मुलाच्या कुटुंबाला रोख न देता गावाच्या सामाईक कामासाठी वापरण्याकडे संस्थेचा कल राहिला. १९९६ मध्ये स्पेनमध्ये व्हिन्सेंट फेरर प्रतिष्ठानची स्थापना झाली. १९९८ मध्ये फेरर यांना स्पेनचा प्रिन्स ऑफ अस्टुरियस पुरस्कार प्रदान करण्यात आला.

क्रीडाक्षेत्रातही अनंतपूरचे नाव या संस्थेमुळे पुढे आले. टेनिसपटू राफेल नदाल यांच्या प्रतिष्ठानाच्या सहकार्याने २०१० मध्ये येथे गरीब मुलांसाठी टेनिस शाळा सुरू झाली. २०२४ च्या दुलीप करंडक क्रिकेट स्पर्धेचे सामने संस्थेच्या मैदानावर खेळविण्यात आले.

विहिरीची मर्यादा

फेरर यांच्या कार्याचे मूल्यमापन करताना पाण्याच्या प्रश्नाची दुसरी बाजूही पाहावी लागते. अनंतपूरचा खडक ग्रॅनाइट व नाइस प्रकारचा आहे. त्यात साठा अल्प असतो आणि पुनर्भरण पावसावरच अवलंबून असते. हाताने खोदलेल्या विहिरींनंतर विंधन विहिरींचे युग आले. एकाची विंधन विहीर खोल गेली की शेजाऱ्याची विहीर आटे. ती आटली की तो आणखी खोल जाई आणि प्रत्येक वेळी कर्ज वाढे. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून अनंतपूरचे नाव शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या संदर्भात वारंवार येऊ लागले. केवळ विहिरी वाढवून दुष्काळ हटत नाही, हा धडा येथे सर्वांनाच मिळाला.

त्यानंतर भर उपशाकडून साठवणुकीकडे वळला. पाझर तलाव, बंधारे, समतल चर, फळबागा आणि ठिबक सिंचन यांवर संस्थेने लक्ष केंद्रित केले. महाराष्ट्रातील एका येशूसंघीय धर्मगुरूचा अनुभवही याच दिशेचा होता. मूळचे स्वित्झर्लंडचे फादर हर्मन बाखर यांनी तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यात पाणलोट क्षेत्र विकासाचा पाठपुरावा केला. १९८९ चा भारत-जर्मन पाणलोट कार्यक्रम आणि १९९३ मध्ये स्थापन झालेली ‘वॉटर’ ही संस्था त्यातून साकारली. बाखर अखेरपर्यंत येशूसंघातच राहिले. दोघांचे मार्ग वेगळे असले, तरी पाऊस पडेल तेथेच जिरविला पाहिजे, हा निष्कर्ष समान होता.

शासनाच्या धोरणातही अनंतपूरला विशेष स्थान मिळाले. राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी योजनेचा आरंभ २ फेब्रुवारी २००६ रोजी याच जिल्ह्यातील बंडलपल्ली या गावी तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत झाला. दुष्काळात दान नव्हे, तर काम द्यावे आणि त्या कामातून पाण्याची साधने निर्माण व्हावीत, हे तत्त्व महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमीच्या रूपाने व्यापक प्रमाणावर राबविले होते.

धर्मांतराचा प्रश्न आणि कायदा

राज्यघटनेच्या अनुच्छेद २५ नुसार धर्म मानण्याचे, आचरण्याचे व त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य आहे. मात्र प्रसाराच्या अधिकारात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा अधिकार अंतर्भूत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात दिला. परदेशी देणग्यांवर १९७६ च्या आणि नंतर २०१० च्या कायद्याने नियंत्रण आणले. २०२० मधील दुरुस्तीने हे नियंत्रण अधिक कडक झाले. परदेशी निधीवर चालणाऱ्या सेवाभावी संस्थांना, मग त्या धार्मिक असोत वा नसोत, या चौकटीतच काम करावे लागते.

या वादात ज्यांच्या नावाने चर्चा होते, त्या गरिबांची बाजू मात्र क्वचितच मांडली जाते. १९५० च्या राष्ट्रपती आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा प्रारंभी हिंदूंपुरता मर्यादित होता. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध यांचा त्यात समावेश झाला. ख्रिस्ती झालेल्या दलिताला हा दर्जा मिळत नाही. आंध्र प्रदेशात अशा व्यक्तींना मागासवर्गातील ‘क’ गटात स्थान आहे. त्यामुळे धर्म बदलणाऱ्या मादिगा वा माला कुटुंबाला शिक्षण, नोकरी व राखीव मतदारसंघांतील हक्कांचे मोल द्यावे लागते. गावातील जातिभेद मात्र त्याचा पिच्छा सोडतोच असे नाही. प्रलोभनाचा आरोप तपासताना हा हिशेबही लक्षात घ्यावा लागतो.

फेरर यांच्यानंतर

१९ जून २००९ रोजी अनंतपूर येथे फादर फेरर यांचे निधन झाले. त्यांनी येशूसंघ सोडून चार दशके उलटली होती, तरी लोक त्यांना ‘फादर’ म्हणूनच संबोधत असत. बत्तलपल्ली येथे त्यांना मातीत विसावा देण्यात आला. त्यांच्यानंतर संस्थेची धुरा ॲन फेरर आणि पुत्र मोंचो फेरर यांनी सांभाळली.

ज्या सरकारने एकेकाळी त्यांना देशाबाहेर पाठविले, त्याच देशातील एका जिल्ह्याने त्यांना आपले मानले. यामागे धर्मोपदेशापेक्षा काही साध्या गोष्टी होत्या : दलित वस्तीतील शाळा, स्त्रीच्या नावावरील घर, जवळचे रुग्णालय आणि बंधाऱ्यात अडलेले पाणी. मदत घेणाऱ्याला तिच्या बदल्यात आपला देव बदलावा लागेल ही भीती उरली नाही, तेव्हा तो ती ताठ मानेने घेऊ शकला. मनमाडच्या शेतकऱ्यांनी मुंबईची वाट धरली, ती याच विश्वासातून. दुष्काळी प्रदेशात सेवेसाठी जाणाऱ्या कोणत्याही संस्थेला, तिचा धर्म वा झेंडा कोणताही असो, याच कसोटीला उतरावे लागते.